दसऱ्याला फुलणारा पिवळा आयरिस

न्यू जर्सीत दसऱ्याच्या सुमारास अंगणात पिवळाधमक आयरिस फुललेला असावा, आणि तो मी स्वतः बियांपासून तयार केलेला असावा. एवढ्यासाठी मी घरच्या घरी संकर करायला घेतलेत. आईला फोनवर सांगितलं तर तिने आधी एकच विचारलं, “अगं, देवाला वाहता येईल ना?” म्हटलं, येईल की!

बिअर्डेड आयरिस, म्हणजे खालच्या पाकळ्यांवर दाढीसारखे केस असलेला आयरिस, इथे साधारण मे महिन्यात फुलतो. दोन-तीन आठवडे नुसती उधळण, मग वर्षभर पाती. मॉन्टक्लेअरच्या प्रेस्बी आयरिस गार्डनमध्ये (१९२७ सालची बाग आहे ही) मेच्या अखेरीस एकदा जाऊन बघा, घरी परतावंसं वाटत नाही. पण माझा जीव अडकलाय तो शरदात दुसऱ्यांदा फुलणाऱ्या जातींत. लॉइड झरब्रिग नावाचे व्हर्जिनियातले संगीताचे प्राध्यापक आयुष्यभर याच जातींमागे होते. १९८२ साली नोंदवलेला त्यांचा पांढराशुभ्र ‘इम्मॉर्टॅलिटी’ आजही थंड प्रदेशातसुद्धा भरवशाने पुन्हा फुलतो. ‘हार्वेस्ट ऑफ मेमरीज’ हा पिवळाही त्यांचाच. माझ्या वाफ्यात हे दोन्ही आहेत, आणि माझ्या संकरांचा पाया तेच.

शरदातलं फूल बघून तिथल्या तिथे संकर करावासा वाटतो, पण आमच्याकडे बियांचं बोंड पिकायच्या आत कडाक्याची थंडी पडते. म्हणून संकर मेमध्येच. सकाळी दव ओसरलं की मी चिमटा घेऊन बसते. उमलायच्या बेतात असलेल्या फुलाच्या खालच्या तीन पाकळ्या काढून टाकायच्या, म्हणजे मधमाशीला टेकायला जागा उरत नाही. त्याचे स्वतःचे परागकोशही काढायचे. मग आत तीन कमानी उघड्या दिसतात. प्रत्येक कमानीच्या टोकाखाली एक बारीक, पातळ ओठ असतो, तीच कुक्षी, म्हणजे पराग घेणारा भाग. तो ओठ नखाने हलकेच खाली ओढायचा आणि दुसऱ्या जातीचा परागकोश त्याच्या बाहेरच्या अंगावर फिरवायचा. पिवळसर भुकटी तिथे चिकटलेली दिसली की काम झालं. देठाला लगेच चिठ्ठी बांधायची, ज्या फुलावर पराग लावले त्या जातीचं, म्हणजे आईचं, नाव आधी, पराग देणाऱ्या बापाचं नंतर. संकर जमला असेल तर फूल सुकल्यावर त्याच्या खालचा भाग फुगायला लागतो. मला या सगळ्यात सर्वांत आवडतो तो हाच आठवडा. चहा घेऊन रोज बोंडं चाचपत फिरायचं.

दोनेक महिन्यांनी बोंड तपकिरी होऊन टोकाला तडकतं. बिया शरदात कुंड्यांत पेरून कुंड्या सरळ बाहेर ठेवायच्या, कारण थंडी खाल्ल्याशिवाय त्या रुजत नाहीत. वसंतात कोंब येतात आणि पहिलं फूल बहुतेक त्याच्या पुढच्या मेमध्ये. म्हणजे संकर केल्यापासून दोन वर्षं. कधी तीनही.

खरा प्रश्न जागेचा. मला पुढे नारिंगी छटाही हवी आहे, पण हे आयरिस चतुर्गुणित आहेत. जनुकाच्या चार-चार प्रती, आणि नारिंगी-गुलाबी छटेचा गुण चारही प्रतींत असल्याशिवाय उमटत नाही. पुन्हा फुलण्याचा गुणही असाच सहज दबून जातो. एकदाच फुलणाऱ्या नारिंगीशी संकर केला की पहिली पिढी बहुधा दोन्ही बाबतींत निराश करणार. तरी तीच रोपं जपून पुन्हा शरदात फुलणाऱ्याशी जुळवावी लागतात. घरामागच्या चार वाफ्यांत हे सगळं एकदम मावत नाही. म्हणून आधी फक्त पिवळा, दोन्हीकडचे पालक पुन्हा फुलणारे. नारिंगी नंतर.

आणि निवड शरदात करायची, मेमध्ये नाही, हे मी पक्कं ठरवलंय. मेमध्ये प्रत्येक रोप गोडच दिसतं. एकदाच फुलणाऱ्या जातींना उन्हाळ्यात कोरडं ठेवलं तरी चालतं, पण यांना जुलै-ऑगस्टमध्ये पाणी लागतं, आणि पहिला बहर संपल्यावर थोडं खत, नत्र कमी असलेलं. एवढं करूनही जे रोप ऑक्टोबरमध्ये दांडा काढत नाही, ते कितीही देखणं असलं तरी त्याचे कंद शेजारपाजारी वाटून टाकायचे. एका शरदावर मात्र निकाल लावायचा नाही. कोवळ्या रोपाला जम बसवायला वेळ लागतो, आणि एखाद्या वर्षी थंडीच लवकर येते. तीन शरद बघायचे. तिन्ही वेळा फुललं, तर अमेरिकन आयरिस सोसायटीकडे नाव नोंदवायचं. नाव आईने आत्ताच सुचवून ठेवलंय: ‘विजयादशमी’.