टेबलटॉप आरपीजीची नोंदवही: ‘लागलं-हुकलं’पासून मधल्या निकालापर्यंत

टेबलटॉप आरपीजी म्हणजे टेबलाभोवती बसून, पात्रांच्या भूमिका घेऊन, फासे टाकत खेळायचे गोष्टींचे खेळ. आधी आजची स्थिती. टेबलावर नेहमी केर्न, अधूनमधून ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स आणि एकट्यानं खेळायला आयर्नस्वॉर्न. ब्लेड्स इन द डार्कची मोहीम थांबवली आहे, पण त्यातली घड्याळं (संकट किती जवळ आलं ते दाखवणारी, भाग भरत जाणारी वर्तुळं) आता प्रत्येक खेळात शिरली आहेत. डंजन्स अँड ड्रॅगन्सची (डी अँड डी) पाचवी आवृत्ती कपाटात आहे. नव्या माणसाला हा छंद दाखवायचा असेल तर अजूनही तीच बाहेर काढावी, कारण तिचे खेळाडू कुठेही सापडतात आणि मूळ नियम फुकट मिळतात.

आवड बदलली त्याचं कारण फाशांच्या हिशेबात सापडतं. पाचव्या आवृत्तीत (२०१४) पहिल्या लेव्हलचा फायटर साधारण +५ ने मारतो, म्हणजे फाशाच्या आकड्यात ५ मिळवतो. गॉब्लिन या छोट्या राक्षसाचा आर्मर क्लास (वार लागायला हवी ती बेरीज) १५. म्हणजे डी२० वर (वीस बाजूंचा फासा; तसाच डी६ सहा बाजूंचा) १० किंवा जास्त हवेत: ५५ टक्के वेळा लागतं, ४५ टक्के वेळा हुकतं. हुकलं की काहीच घडत नाही, पाळी पुढच्याकडे जाते. पाच खेळाडू आणि चार गॉब्लिन असले तर एका राऊंडमध्ये नऊ पाळ्या, आणि त्यातल्या जवळपास निम्म्या रिकाम्या. मग खेळाडू सगळा जीव बिल्डमध्ये, म्हणजे पात्राच्या क्षमतांच्या जुळवणीत, ओततात. ती मजा खरी आहे, पण ती घरी बसून कॅरेक्टर शीटवर करायची मजा आहे. चौघं-पाचजण वेळ काढून एकत्र बसतात ते टेबलावर काहीतरी घडावं म्हणून.

आता दुसऱ्या बाजूचे आकडे बघा. बेकर दांपत्याच्या अपॉकॅलिप्स वर्ल्डमध्ये (२०१०) दोन डी६ टाकून त्यात स्टॅट (पात्राच्या गुणाचा आकडा) मिळवायचा. १० किंवा वर आले तर पूर्ण यश, ७ ते ९ म्हणजे यश पण किंमत मोजून, ६ किंवा खाली आले तर जीएमची (खेळ चालवणाऱ्याची) चाल. स्टॅट +१ असेल तर हे प्रमाण २८, ४४, २८ टक्के पडतं. जॉन हार्परच्या ब्लेड्समध्ये (२०१७) दोन फासे टाकून मोठा आकडा घेतला, तर ६ येण्याची शक्यता ३१ टक्के, ४-५ ची ४४, आणि १ ते ३ ची २५. शॉन टॉमकिनच्या आयर्नस्वॉर्नमध्ये (२०१८) डी६ अधिक स्टॅट एका बाजूला, दोन डी१० दुसऱ्या बाजूला. स्टॅट +२ धरला तर दोन्ही डी१० हरवण्याची शक्यता २३ टक्के, एकच हरवण्याची ४४, एकही न हरवण्याची ३३. तीन निराळ्या यंत्रणा, आणि नेहमीच्या खेळात मधला निकाल तिन्हींत ४४ च्या आसपास. पूर्वी निम्मे फासे वाया जायचे, तिथे आता दर दोन-तीन फाशांमागे एक नवी अडचण उभी राहते. एकदा याची सवय लागली की ‘हुकलं, पुढे’ हे ऐकवत नाही.

मात्र मधला निकाल चालवणं हे जीएमचं कसब आहे आणि बहुतेक टेबलं तिथेच अडतात. फासा पडल्यावर किंमत सुचत नाही, मग दर वेळी ‘जमलं, पण थोडं लागलं’ म्हणत दोन-तीन पॉइंट कापले जातात. उपाय एकच: किंमत फासा टाकण्याआधी मोठ्यानं सांगायची. ब्लेड्समध्ये पोझिशन (धोका किती) आणि इफेक्ट (परिणाम किती) आधी ठरतात त्याचा खरा उपयोग हाच. उदाहरणार्थ कुलूप फोडताना जीएम म्हणतो, ‘रिस्की, स्टँडर्ड. ४-५ आला तर दार उघडेल, पण गस्तीच्या घड्याळाची दोन घरं भरतील.’ घड्याळ म्हणजे वर्तुळाचे चार, सहा किंवा आठ भाग. रिस्कीत दोन घरं भरतात, त्यामुळे सहा घरांच्या घड्याळाला असे तीन निकाल पुरतात. घड्याळ सगळ्यांना दिसेल असं टेबलाच्या मध्यावर ठेवा, लपवलेल्या घड्याळाचा दबाव कुणालाच जाणवत नाही.

दुसरी गफलत जास्त नुकसान करते. किंमत यशच खाऊन टाकते: दार उघडलं, पण समोर पहारेकरी, त्यानं ते पुन्हा लावून घेतलं. अपॉकॅलिप्स वर्ल्डच्या भाषेत हे ७ ते ९ नाही, हे ६ किंवा खाली आहे. खेळाडूनं जे मागितलं ते त्याच्या हातात राहिलंच पाहिजे. किंमत दुसऱ्या खिशातून काढा: वेळ, सामान, आवाज, साथीदाराची जागा.

इथून ओल्ड-स्कूलकडे, म्हणजे जुन्या धाटणीच्या खेळांकडे, वळणं वरवर उलटा प्रवास वाटेल, कारण तिथे लागलं-हुकलंच आहे. पण ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स डी अँड डीच्या १९८१ च्या बेसिक आणि एक्स्पर्ट नियमांची नीट मांडणी करतं, आणि त्यात लढाईच्या आधी एक फासा असतो. मॉन्स्टर भेटला की दोन डी६ चा रिअ‍ॅक्शन रोल. २ आला तरच थेट हल्ला, म्हणजे छत्तीसात एकदा. ३ ते ५ वैरभाव, २५ टक्के. ६ ते ८ म्हणजे समोरचाही गोंधळलेला, आणि त्याची शक्यता पुन्हा ४४ टक्के. तोच मधला निकाल, फक्त तलवार उपसायच्या आधी. त्यात मोराल (लढत राहण्याची हिंमत) जोडा: गॉब्लिनचं मोराल ७, दोन डी६ वर ७ पेक्षा जास्त आले की पळ. एक पडल्यावर बाकीचे पळण्याची शक्यता ४२ टक्के. लढाया आपोआप आखूड होतात.

वेळ मोजणं हा या खेळाचा कणा आहे आणि लोक नेमका तोच गाळतात. पाठकोऱ्या ए४ कागदावर सहा-सहा चौकोनांच्या ओळी आखा. एक चौकोन म्हणजे एक टर्न, दहा मिनिटं. एक ओळ म्हणजे एक मशाल. दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या चौकोनात ठिपका द्या: तिथे डी६ टाकायचा, १ आला तर भटकं संकट. एका मशालीत तीन तपासण्या, म्हणजे काहीतरी भेटण्याची शक्यता ४२ टक्के. सहावा चौकोन विश्रांतीचा. ती टाळली तर विश्रांती मिळेपर्यंत मारताना आणि नुकसानीत -१. कंदिलाला तेलाच्या एका बुधलीत चार ओळी मिळतात. हा कागद जीएमनं धरू नये, एका खेळाडूकडे द्यावा. टर्न गप्पांच्या लांबीवरून भरायचा नाही, कृतीवरून भरायचा: दहा बाय दहा फुटांची जागा धुंडाळणं म्हणजे एक टर्न, ओझं नसताना १२० फूट सावध चाल म्हणजे एक टर्न.

पाचव्या आवृत्तीत हा कागद चालत नाही. लाइट हा उजेडाचा छोटा मंत्र (कँट्रिप) हवा तितक्या वेळा टाकता येतो. ओझ्याची मर्यादा स्ट्रेंग्थच्या पंधरापट पौंड, म्हणजे १० स्ट्रेंग्थला १५०, आणि मशालीचं वजन एक पौंड. चिंता करायला जागाच उरत नाही.

केर्न (२०२०, योहाई गाल) फुकट आहे आणि ओझ्याचा प्रश्न दहा खणांत सोडवतो: पाठीवरच्या पिशवीत सहा, दोन हात, अंगावर दोन. दहाही भरले की एचपी (मार झेलायची क्षमता) शून्य. मारायला वेगळा फासा नाही, थेट नुकसान. डी अँड डीवरून आलेल्यांना पहिल्याच लढाईआधी एक उदाहरण करून दाखवा. एचपी ३, स्ट्रेंग्थ ९, आर्मर १. डी८ वर ७ आले, आर्मर वजा करून ६ उरले. एचपी ३ चा शून्य, उरलेले ३ स्ट्रेंग्थमधून, ती ६ वर आली. आता डी२० वर ६ किंवा कमी हवेत, म्हणजे ३० टक्के. नाही आले तर क्रिटिकल डॅमेज, आणि तासाभरात उपचार नाही झाले तर मृत्यू. एवढं पाहिलं की खेळाडू समोरून धावून जाणं सोडतात आणि वरून दगड ढकलता येईल का ते विचारू लागतात. म्हणूनच जीएमनं माहिती लपवायची नाही. हत्यार किती मोठं, आवाज कुठून येतोय, पळायची वाट कोणती, हे न विचारताही सांगायचं.

केर्नसाठी नकाशा काढायचा तर राजगडासारखा तयार नकाशा नाही. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या, मध्ये बालेकिल्ला, आणि आत शिरायला पाली दरवाजा, गुंजवणे दरवाजा, अळू दरवाजा, शिवाय चोर दरवाजा. चांगल्या डंजनला, म्हणजे पात्रांनी धुंडाळायच्या धोकादायक जागेला, हेच लागतं: अनेक तोंडं आणि बालेकिल्ल्याच्या पायथ्यानं एका माचीवरून दुसरीवर जायची सोय. प्रत्येक माचीला डी६ चा स्वतंत्र भेटींचा तक्ता द्या. चोर दरवाजाच्या खड्या चढणीला हात मोकळे हवेत, म्हणजे मशाल विझवायची की सामान खाली ठेवायचं हा पेच आपसूक तयार होतो. फक्त आकार घ्या, नावं बदला. इतिहासातली माणसं जीएमच्या तोंडून बोलायला लावू नयेत, असं आमचं ठाम मत आहे.

आयर्नस्वॉर्नसाठी वेगळे फासे घ्यायची गरज नाही. सात फाशांच्या संचातला डी६, डी१० आणि शेकड्याचा डी१० पुरतात. ७० म्हणजे ७, आणि ०० म्हणजे १०. डी१० वर ० दिसलं तरी ते १०. एकट्यानं खेळताना ओरॅकलला (हो-नाही ठरवणाऱ्या फाशांच्या तक्त्याला) सारखं विचारत राहिलं की गोष्ट पातळ होते. एका प्रसंगात दोनच प्रश्न ठेवा, आणि शक्यता आधी लिहा: शेकड्यावर ‘हो’ यायला ‘लाइकली’ला २६ किंवा वर, ‘अनलाइकली’ला ७६ किंवा वर. पात्रानं घेतलेली शपथ किती पुरी झाली ते मोजणाऱ्या प्रगतीच्या पट्टीला दहा घरं. ‘डेंजरस’ दर्जाच्या शपथेत प्रत्येक टप्प्याला दोन घरं भरतात. शेवटच्या रोलला डी६ नसतो, भरलेली घरं विरुद्ध दोन डी१०. सहा घरांवर उडी मारली तर पूर्ण यश २५ टक्के, पूर्ण अपयशही २५. आठवर ४९ आणि ९. सहावर थांबण्याचा मोह होतो, पण एक टप्पा जास्त खेळणं परवडतं.

सध्या चाचणीला हीच पट्टी केर्नच्या लांबच्या प्रवासात बसवली आहे. रोज चालल्यावर एक घर, आणि दर घरामागे प्रत्येकाचा एक रेशनचा खण रिकामा. अडचण एवढीच की दहा घरांचा शिधा न्यायचा तर प्रत्येकाचे दहाही खण त्यातच जातात. म्हणून पट्टी सहा घरांची करून वाटेत दोन ठिकाणी शिकारीची जागा ठेवली आहे. शिकार जमली की एक खण परत भरतो, पण दिवस जातो आणि घर मात्र भरत नाही.