भूल द्या

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. तुम्ही म्हणजे कुणी एक नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या काकू, बँकेतला कॅशियर, माझ्या भावाचे व्याही. मी भूलतज्ज्ञ आहे हे कळलं की पाचव्या मिनिटाला प्रश्न येतो: "एवढे हाल हाल होतात माणसाचे मॅडम, एक इंजेक्शन देऊन सोडवत का नाही तुम्ही लोक?" आणि फाशीची बातमी आली की हीच मंडळी उलट्या बाजूने येतात. मार्च २०२० मध्ये तिहारला चौघांना फाशी झाली त्या आठवड्यात मला तिघांनी सांगितलं, की दोर, जल्लाद ही भानगडच कशाला, तुमच्यासारखा एखादा डॉक्टर बोलवायचा. काम स्वच्छ.

पहिला प्रश्न मायेपोटी येतो, दुसरा रागापोटी. सिरिंज मात्र दोन्हीकडे माझ्याच हातात असते. माझं उत्तर "नाही" हेच आहे, वर्षानुवर्षं. पण हे "नाही" दिसतं तेवढं सोवळं नाही, आणि ते तोंडी कधी नीट सांगता आलं नाही.

वर्षानुवर्षं निपचित पडून राहिलेल्या नर्स अरुणा शानबागबद्दल पुन्हा सांगत बसत नाही. विनोबांचंही उदाहरण कुणी देऊ नका. १९८२ साली पवनारला त्यांनी अन्न, पाणी, औषध नाकारलं, ते गेले, कुणा डॉक्टरला हात लावावा लागला नाही. बरोबर. पण त्यांना तोंड मिटून घेता येत होतं. मी ज्यांच्याबद्दल सांगणार आहे त्यांच्या पोटात नळी होती आणि गळ्याला यंत्र. त्यांना नकार द्यायलाही दुसऱ्याचा हात लागत होता.

आधी औषधाबद्दल. आम्ही शिकलो तेव्हा पेंटोथाल होतं. फिकट पिवळी भुकटी, त्यात डिस्टिल्ड वॉटर घालून कुपी हलवायची, हळूहळू शिरेत सोडायची. पेशंट मध्येच म्हणायचा, "तोंडाला लसणासारखं काय लागतंय?" आणि वाक्य पुरं होईपर्यंत झोपलेला असायचा. माझ्या आयुष्यात हा लसणाचा प्रश्न किती जणांनी विचारला असेल, मोजदाद नाही. त्यातला प्रत्येक जण मी परत उठवणार होते. हे उठवणं म्हणजेच आमचा धंदा. झोपवायला काय, कुणीही झोपवेल.

हेच पेंटोथाल अमेरिकेत मारायला वापरलं गेलं. १९७७ साली ओक्लाहोमात जे चॅपमन नावाच्या, शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरने औषधांची रीत सुचवली: आधी झोपवणारं, मग स्नायू लुळे करणारं. हृदय थांबवणारं पोटॅशियम हे तिसरं औषध तिच्यात पुढे आलं. ७ डिसेंबर १९८२ रोजी टेक्ससमध्ये ती पहिल्यांदा माणसावर वापरली. यातली मेख भूलवाल्यालाच दिसते. पहिलं औषध कमी पडलं, तर दुसऱ्यामुळे माणूस हलूही शकत नाही. बाहेरून शांत, आतून जागा. ज्या गोष्टीची आम्हाला ऑपरेशनच्या टेबलावर सगळ्यात जास्त भीती, नेमकी तीच. पुढे त्यांच्याकडे पेंटोथालचा तुटवडा झाला तेव्हा मुंबईतल्या एका कंपनीने नेब्रास्का आणि साउथ डकोटाच्या तुरुंगांना ते विकलं होतं. बोभाटा झाल्यावर, २०११ मध्ये, बंद केलं. कुठल्या गोष्टीचा आपल्याशी काय संबंध, असं म्हणायची सोय राहत नाही ती अशी.

२००६ मध्ये कॅलिफोर्नियात मायकेल मोरालेस नावाच्या कैद्याची वेळ ठरली होती. न्यायालयाने म्हटलं, तो खरोखर बेशुद्ध आहे की नाही हे बघायला भूलतज्ज्ञ ठेवा. दोघे तयार झाले. मग त्यांना कळलं, की नुसतं बघायचं नाही. तो जागा होतोय असं वाटलं तर त्यांनीच मध्ये पडून पुन्हा झोपवायचं. काही तास आधी दोघेही निघून गेले. शिक्षा टळली.

मी ते वाचलं आणि मला भयंकर अभिमान वाटला. आमच्या गावच्या डॉक्टरांच्या बैठकीत मी त्यावर वीस मिनिटं बोलले. कागद अजून आहे. त्यात एक वाक्य आहे: "ज्या हाताने आपण उठवतो, तो हात मारण्याच्या कामापासून चार हात दूरच राहिला पाहिजे." टाळ्या पडल्या होत्या. ही बाई आज समोर आली तर मी तिला विचारेन, चार हात दूर म्हणजे कुठे गं? आणि मधल्या चार हातांत कोण उभं असतं?

तीन वर्षांनी, २००९ च्या पावसाळ्यात, मी मिरजेला एका खासगी रुग्णालयाच्या आयसीयूचं काम बघत होते. कवठेमहांकाळकडच्या एका खेड्यातले मास्तर आमच्याकडे एकेचाळीस दिवस होते. मोटर न्यूरॉनचा आजार. हात गेले, पाय गेले, गिळणं गेलं, शेवटी श्वासाचे स्नायू. गळ्याला छेद देऊन नळी, तिला व्हेंटिलेटर. मेंदू लख्ख. पापण्या तेवढ्या चालायच्या.

त्यांच्या पोराने, असेल चोवीस-पंचवीसचा, शाळेच्या पाटीवर बाराखडी लिहून आणली होती. वर क ते ज्ञ, खाली काना-मात्रा. तो बोट फिरवायचा, अक्षर आलं की मास्तर पापणी मिटायचे. "पंखा" लिहायला चार मिनिटं. असं करत करत मास्तरांनी मुलाला बागेच्या छाटणीच्या सूचना दिल्या, सोसायटीच्या कर्जाचा हिशेब सांगितला, एका सिस्टरच्या मुलीला नवोदयच्या परीक्षेचा सल्लाही दिला.

एकदा राउंडला गेले तर मुलगा बाजूला तोंड करून उभा. म्हणाला, "अण्णांनी तुमच्यासाठी लिवलंय." पाटीच्या मागच्या बाजूला खडूने लिहिलं होतं: भुल द्या. मी वाचलं. मास्तरांनी डोळे घट्ट मिटले आणि मिटूनच ठेवले. मला वाटलं रडताहेत. मुलाला कळलं. त्याने बोटाने उकार पुसला आणि दीर्घ काढला. भूल द्या. मग मास्तरांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "तसं करता येत नाही, मास्तर." आवाज शक्य तेवढा मऊ. आणि बेड नंबर सातकडे गेले.

त्यानंतर आठेक दिवसांनी पैसे संपले. खरं तर ते आधीच संपले होते. आठ दिवसांनी उसने मिळायचे संपले. तेव्हा अरुणा शानबागच्या खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निकाल नव्हता, उपचार थांबवायची पद्धत आखून देणारा २०१८ चा तर नव्हताच. व्हेंटिलेटर काढणं म्हणजे पोलीस केस, एवढंच आम्हाला माहीत. त्यामुळे सगळीकडे जे चालायचं तेच केलं. "आम्ही स्वतःच्या जबाबदारीवर पेशंट घरी नेत आहोत" अशा कागदावर मुलाची सही. आमच्या भाषेत, डामा घेतला. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. सल्ला काय होता म्हणाल, तर सल्ला कुणाकडेच नव्हता.

अँब्युलन्समध्ये व्हेंटिलेटर नव्हता. अंबू बॅग होती, तो रबरी फुगा, हाताने दाबून श्वास द्यायचा. मी मुलाला शिकवलं. "दाब, सोड. मनात एक-दोन-तीन-चार मोज. परत दाब." दोनदा त्याने फार जोरात दाबलं, मी त्याच्या हातावर हात ठेवून जोर दाखवला. चांगलं शिकला. हुशार पोरगा. आणि मग त्याने विचारलं:

"मॅडम, थांबायचं कवा?"

माझ्या मागे सिस्टर होती, ड्रायव्हर होता, बिलाच्या काउंटरवरचा माणूस पावती घेऊन उभा होता. मी म्हटलं, "घरी पोचलास की बघ."

वीस मिनिटांच्या त्या भाषणाचं पुढे काय झालं, ते हे झालं. माझा हात चार हात दूर राहिला. मधल्या जागेत त्यांचा मुलगा उभा होता.

अजून एक, आणि हे मी कुणाला सांगितलेलं नाही. निघताना मी दोन मिलिग्रॅम मिडाझोलॅम, म्हणजे गुंगीचं औषध, दिलं आणि केसपेपरवर "प्रवासासाठी" असं लिहिलं. भूलतज्ज्ञाला हे कळत होतं, की चाळीस किलोमीटर खड्ड्यांतून जाईपर्यंत त्याचा अंमल उतरत आलेला असेल आणि शुद्धीवरच्या माणसाचा श्वास थांबेल. जास्त द्यायला भ्याले. मॉर्फिन आमच्याकडे नव्हतंच. परवान्याच्या कटकटीपायी छोटी रुग्णालयं तेव्हा ते ठेवत नसत. पण मिडाझोलॅम कपाटभर होतं. जास्त दिलं आणि वाटेत गेले तर नाव माझं येईल, हा विचार मी केला. नैतिकता वगैरे नाही, नाव.

मुलगा चारेक महिन्यांनी पेन्शनच्या कागदांवर सही घ्यायला आला. त्याने आपणहून सांगितलं, की रात्रभर दाबत होता, मध्ये चुलता दाबायचा, मध्ये आई. "सकाळी साडेसहाला हात चालंना झाला." हात चालंना झाला की त्याने थांबवला, मी विचारलं नाही. त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून अंबू बॅग परत आणली होती. "धुऊन आणलाय मॅडम." मी रजिस्टरला "जमा" लिहिलं. पुढच्या आठवड्यात ती वापरात आली.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. फाशीऐवजी इंजेक्शन द्यावं म्हणून सर्वोच्च न्यायालयात २०१७ साली याचिका झाली. विधी आयोगाने तर २००३ मध्येच त्या पर्यायाची शिफारस केली होती. तुम्हाला वाटतं, दोर आहे तोवर डॉक्टर त्यातून बाहेर आहे. तो बाहेर नाही. कैद्याची शारीरिक, मानसिक तब्येत फाशीला ठीक आहे याचा दाखला डॉक्टर देतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानंतर त्याशिवाय पुढे जाता येत नाही. आजारी असला तर बरा करायचा, मग न्यायचा. पंजाबच्या तुरुंग नियमावलीत देह अर्धा तास लटकता ठेवावा असं होतं. १९९५ मध्ये न्यायालयाने सांगितलं, डॉक्टर मृत म्हणेपर्यंतच ठेवा. निकाल माणुसकीचाच आहे. पण स्टेथोस्कोप लावल्यावर ठोके ऐकू आले तर त्या डॉक्टरने काय म्हणायचं? "अजून थांबा"? धावून वाचवायचं नाही, हे तर ठरलेलंच. ते "अजून थांबा" म्हणजे मदत नव्हे, असं मला कुणी पटवून द्यावं.

येरवड्याला किंवा नागपूरला असं उभं राहायची वेळ माझ्यावर आली नाही, आणि आली असती तर मी नकार दिला असता, असं मी ठासून सांगते. पण एक खोच राहतेच. तिथे सरकार डॉक्टरला विचारतं, थांबायचं कधी, आणि डॉक्टर उत्तर देतो. मला एका पोराने विचारलं, तर मी दिलं नाही.

गेल्या काही वर्षांत नियम सुधारले. २०१८ च्या निकालातली पद्धत इतकी अवघड होती, की जिल्हाधिकारी, न्यायदंडाधिकारी हे सगळे जमेपर्यंत पेशंट आपला आपण जायचा. जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी केली: तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळं, शक्यतो ४८ तासांत निर्णय, शेवटी कोणते उपचार नकोत हे सांगणारं इच्छापत्र नोटरीसमोर केलं तरी चालतं. माझं मी केलंय. २०२४ मध्ये मेंदूत रक्तस्राव झालेल्या एका आजींसाठी आम्ही ही पद्धत पहिल्यांदा पुरती राबवली. मॉर्फिन दिलं, मिडाझोलॅम दिलं, अलार्म बंद केले, मुलीला खुर्ची दिली. सिस्टर म्हणाली, "मॅडम, मी करते बंद." म्हटलं, नको. बटण मी बंद केलं.

माझा एक वर्गमित्र कॅनडात आहे. तिथे २०१६ पासून डॉक्टरने इंजेक्शन देणं कायदेशीर आहे. नेदरलँड्समध्ये २००२ पासून. तो फोनवर म्हणाला, "तू जे केलंस त्यात आणि आम्ही करतो त्यात काय फरक?" मी म्हटलं, मी पेशंटची धाप बघून मात्रा वाढवते, कमी करते, तुमच्याकडे मात्रा आधीच ठरलेली असते आणि ती संपवल्याशिवाय तुम्ही थांबत नाही. तो हसला. म्हणाला, "एवढाच?" हो, एवढाच. मला तो पुरतो. काही रात्री नाही पुरत.

म्हणून काकू, तुमच्या प्रश्नाला अजूनही "नाही". कायदा बदलला तरी बहुधा नाहीच. मी म्हातारी झाले आहे. मात्र आज मास्तर आले असते तर शुद्धीवरच्या माणसाला यंत्र नाकारायचा हक्क आहे हे मला ठाऊक असतं. मी आधी औषध दिलं असतं, पापण्या जड झाल्याची खात्री करून घेतली असती, मग यंत्र काढलं असतं. त्यांच्या घरात, त्यांच्या माणसांसमोर, आणि मुलाच्या हातात फुगा न देता.

हे लिहिताना पाटी पुन्हा डोळ्यांसमोर आणली. त्यावर दोनच शब्द होते. मारा असं नव्हतं, सोडवा असंही नव्हतं. भूल द्या, एवढंच, तेही शुद्धलेखन तपासून. पुढचं मी मनानेच वाचलं होतं.