तुम्ही विचारलंत म्हणून: गोळ्या आणि रेघ

"गोळ्यांनी तिची कला मरत नाही का?" माझ्या मुलीबद्दल चार वर्षं हा प्रश्न ऐकतेय. विचारणारे चांगल्या मनाने विचारतात, हे कळतं मला. तरी उत्तर देताना दरवेळी माझा आवाज चढतो. एकदा हा प्रश्न मी स्वतःलाच विचारला होता, आणि त्यापायी जे केलं ते आजवर घरचे आणि डॉक्टर सोडून कोणाला सांगितलेलं नाही.

माझी मुलगी चित्रं काढते आणि तिला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी टोकाच्या उत्साहात तर कधी खोल नैराश्यात नेणारा आजार. त्यावर लोक व्हॅन गॉग या डच चित्रकाराचं नाव घेतात. त्याला नेमकं काय झालं होतं यावर डॉक्टरांचं अजून एकमत नाही. पण तो १८९० साली, ३७ व्या वर्षी गेला आणि त्याची आई त्याच्यामागे १७ वर्षं जगली, एवढं नक्की. त्या आईला कोणी काही विचारत नाही.

पहिला मॅनिया, म्हणजे त्या टोकाच्या उत्साहाचा झटका, आला तेव्हा मुलगी सतरा वर्षांची होती. चार रात्री न झोपता काढत राहिली, आणि कागद आणून देत होते मी. पोरीला सूर सापडला असं वाटलं मला. पाचव्या सकाळी पाहिलं तर ती काढलेल्या चित्रांवरच पुन्हा काढत होती. निबने कागद फाटले होते, टेबलावर ओरखडे उठले होते. थांबवायला हात धरला तर किंचाळली.

मग लिथियम सुरू झालं, मनाचे हे चढउतार आवरणारं औषध. ती झोपू लागली, आमच्याशी धड बोलू लागली. आणि तिचा हात थरथरू लागला. थरथर बारीक होती, दुसऱ्या कोणाच्या लक्षातही आली नसती. पण तिचं सगळं चित्र एका सलग रेघेवर उभं असायचं. कानापासून सुरुवात केली की खांद्यापर्यंत पेन उचलायचा नाही. आता त्या रेघेला करवतीसारखे दाते पडत होते. "आई, ही माझी रेघ नाही," ती म्हणाली. मी म्हणाले, "होईल सवय." तिथे मी चुकले. थरथरीवर उपाय असतात. डोस कमी करून बघता येतो, वेळ बदलता येते, थरथर कमी करणारी वेगळी गोळी असते. डॉक्टरांना फक्त सांगायला हवं होतं.

पुढे एकदा तिचं टेबल आवरताना खडूंची डबी हाताला लागली. हलवली तर आवाज वेगळाच आला. आत रंगीत भुकटीत माखलेल्या गोळ्या. मोजल्या, बावीस भरल्या. रोजच्या तीनपैकी सकाळची एक ती माझ्यासमोर घ्यायची, रात्रीच्या दोन या डबीत जात होत्या. म्हणजे अकरा दिवस.

मी झाकण लावलं आणि डबी होती तिथेच ठेवून दिली.

समोर एक अर्धवट चित्र पडलं होतं, झोपलेल्या कुत्र्याचं. नाकापासून शेपटीपर्यंत एकच रेघ, कुठे थरथर नाही. ते बघून माझे डोळे भरून आले. त्या आठवड्यात तिची झोप आठ तासांवरून पाचवर आली होती, तेही मला दिसत होतं. दिसूनही मी गप्प बसले. आईने काय करायला हवं होतं हे आता मला सांगू नका. तेव्हाही माहीत होतं.

पुढच्या भेटीआधी रक्त तपासलं. रक्तातली लिथियमची लेव्हल साधारण ०.६ ते १.० च्या मध्ये हवी, ती ०.२ आली. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या नियमित चालू आहेत ना?" ती म्हणाली, "हो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही म्हणाले, "हो."

"मग डोस वाढवू," म्हणत ते लिहू लागले. लिथियममध्ये उपयोगाची मात्रा आणि विषाची मात्रा जवळजवळ असतात. १.५ च्या वर गेलं की उलट्या, तोल जाणं, आणखी वर गेलं तर जिवावर बेततं. वाढवलेला डोस उद्या हिने खरंच पूर्ण घेतला तर? "थांबा," मी म्हणाले. "ती गोळ्या घेत नाहीये. मला माहीत आहे."

मुलगी डॉक्टरांकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती. "तुला माहीत होतं?" त्यात राग होता की सुटका, मला अजून ठरवता आलेलं नाही.

तोवर उशीर झाला होता. आठवड्याच्या आत तिला दाखल करावं लागलं. एकोणीस दिवस ती आत होती. पहिले काही दिवस कागद दिले तर फाडायची, नंतर हात लावेना. एकही चित्र झालं नाही.

१९७९ साली मोगेन्स स्काऊ या डॅनिश डॉक्टरांनी लिथियमवर असलेल्या २४ कलावंतांना त्यांच्या कामाबद्दल विचारलं होतं. १२ जण म्हणाले काम वाढलं, ६ म्हणाले तेवढंच राहिलं, ६ म्हणाले कमी झालं. हे आकडे मी कितीतरी जणांना ऐकवले आहेत, पहिले अठरा मोठ्याने आणि शेवटचे सहा घाईघाईत. माझी मुलगी त्या सहांतली असेल तर? डोस बदलल्यावर हात पुष्कळ स्थिरावला, रेघ बरीचशी परत आली. पण ती पूर्वीपेक्षा कमी काढते. "आतून ढकलत नाही कोणी," म्हणते. पूर्वी ढकलणारा तो आजार होता, असं मी म्हणते. ती म्हणते, "सगळा नव्हता. थोडी मीही होते." यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आणि खरं सांगायचं तर त्या पहिल्या चार रात्रींतली चित्रं तिने काढलेल्यांत सगळ्यांत चांगली आहेत. माझ्या कपाटात वरच्या खणात ठेवली आहेत. गेल्या महिन्यात तिने ती बघायला मागितली. नंतर देते म्हणाले. "दाखवायची नव्हती तर ठेवलीस कशाला?" तिने विचारलं.

अजून दिलेली नाहीत.