अर्धा सेंटिमीटर

इंग्लंडला बारा दिवस होतो आणि त्यातले लंडनचे चार आता धड आठवतही नाहीत, म्युझियम, रांग, पाऊस, परत रांग. स्टोनहेंज बघितलं, दगड आहेत. पण दक्षिण किनाऱ्यावरच्या चेसिल बीचवरची एक संध्याकाळ डोक्यातून जात नाहीये आणि ती पण एका माशामुळे, जो मी खाल्लासुद्धा नाही.

माझा मावसभाऊ साउदॅम्प्टनला असतो. मला लहानपणापासून गरवायचं, म्हणजे गळाने मासे धरायचं, वेड आहे हे त्याला माहीत, म्हणून म्हणाला दादा, एक दिवस फक्त मासे. ऑक्टोबर २०२४ होता. गाडीने डॉर्सेट गाठलं, पोर्टलंडच्या टोकाला गाडी लावली आणि त्या गोट्यांच्या बांधावर चढायला लागलो. चेसिल म्हणजे वाळू नाहीच, नुसते गोटे, १८ मैल लांब. पश्चिमेकडे वाटाण्याएवढे आणि पोर्टलंडकडे येईपर्यंत बटाट्याएवढे, म्हणे पूर्वी रात्री होडी किनाऱ्याला लागली की हातात गोटा घेऊन कोळी सांगायचे आपण कुठे आलो. आम्ही बटाट्याच्या बाजूला. एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली घसरतं, पाठीवर भाड्याचा बारा फुटी रॉड, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले लगवर्म (समुद्रातली गांडुळंच, वास मात्र स्वतःचा), आणि मागून भाऊ विचारतोय, आपण मॉलला जाऊया का. सुट्टीत आरामच हवा असणाऱ्यांनी इकडे येऊ नये असं लिहिणार होतो, पण खरं सांगतो, मलाही वर पोचल्यावर पाच मिनिटं बोलता येत नव्हतं.

दोन तास काही नाही. एक व्हायटिंग आला, बोटभर, सोडून दिला. वारा कानात शिरत होता. शेजारी पंधरा-वीस पावलांवर एक आजोबा स्टूल टाकून बसलेले, थर्मास, लोकरीची टोपी, दोन रॉड स्टँडवर, आमच्याकडे ढुंकूनही बघत नव्हते. अंधार पडता पडता माझ्या रॉडचं टोक दोनदा वाकलं आणि मग सरळ खालीच गेलं. तो क्षण ज्यांनी अनुभवलाय त्यांना सांगायची गरज नाही आणि बाकीच्यांना सांगून कळणार नाही.

बास होता. हॉटेलात आपल्या जिताड्यालाही सी बास म्हणतात, पण हा वेगळा, युरोपियन बास, अंगाने सडपातळ, चांदीसारखा, पाठीवरचा पर उभा केला की सुयांची रांग, कल्ल्याच्या झाकणाची कड तर ब्लेडच, माझ्या अंगठ्यावर अजून खूण आहे. टॅकल शॉपवाल्याने (गळाचं सामान विकणारा) सकाळी एक पट्टीचं स्टिकर दिलं होतं, ४२ सेंटिमीटरला लाल रेघ. तेव्हा नियम असा होता की माशाचं नाक ते शेपटीचं टोक ४२ भरलं पाहिजे आणि दिवसाला माणशी दोनच, आणि त्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये तर एकही ठेवायचा नाही, धरून सोडायचा. मी तो ओला लपलपणारा मासा पट्टीवर ठेवला. साडेएक्केचाळीस.

आता कबुली. शेपटीची दोन टोकं चिमटीत एकत्र दाबली की मासा चार-पाच मिलिमीटर लांब होतो. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, बोटं आपोआप तिकडे गेली. लाल रेघ आली! मी भावाकडे बघून हसलो, त्याने फोटोसाठी मोबाइल काढला, आणि मागून आवाज आला.

"शेपूट सोड, मेट."

आजोबा. कधी उठून आले कळलंच नाही. रागावलेले नव्हते, म्हणजे रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हात समुद्रात बुडवून ओले केले, मासा हळूच धरला, तोंड मिटवलं, शेपूट जशी आहे तशी पडू दिली आणि माझ्याकडे बघितलं. साडेएक्केचाळीस. मग म्हणाले, तुझा मासा आहे, तूच सोड. उतारावर लाटेची वाट बघत उभा राहिलो, एक लाट आली, दुसरी आली, तिसरीत हात सैल केले आणि तो क्षणभर पाण्यात तिरका पडला आणि गेला.

मी वैतागलो होतो हे लपवणार नाही. एवढ्या थंडीत, एवढ्या लांबून येऊन, अर्ध्या सेंटिमीटरसाठी? मी तसं बोललो पण. आजोबांनी थर्मासमधला चहा झाकणात ओतून माझ्या हातात दिला आणि मग जे सुरू झाले ते तासभर.

पूर्वी मर्यादा ३६ होती. पण ३६ ला मादीने एकदाही अंडी घातलेली नसतात, त्यासाठी साधारण ४२ व्हावी लागते आणि हा मासा फार सावकाश वाढतो, कित्येक वर्षं जातात त्यात. "हे ४२ सरकारने आमच्यावर लादलेलं नाही," म्हणाले, "आम्ही गळवालेच मागत होतो." २००७ मध्ये ४० करायचं जवळजवळ ठरलं होतं, मंत्री बदलले आणि नव्या मंत्र्याने रद्द केलं. मग व्हायचं तेच झालं, हिवाळ्यात अंडी घालायला जमलेल्या थव्यांवर दोन-दोन ट्रॉलर मध्ये एक जाळं ओढत फिरले, साठा कोसळला, आणि २०१५ मध्ये घाईघाईने सगळं आलं, आधी त्या ट्रॉलिंगवर बंदी, मग गळवाल्यांना दिवसाला तीन, मग सप्टेंबरात ४२.

पण त्यांचा खरा सल २०१८ चा होता. त्या वर्षीचे नियम आले तेव्हा जाळं लावणाऱ्या बोटीला चुकून सापडले या नावाखाली वर्षाला १.२ टन बास, गळाने धंदा करणाऱ्या बोटीला ५ टन, आणि किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला शून्य. एकही नाही. ओरडा झाल्यावर शेवटच्या तीन महिन्यांपुरता दिवसाला एक मासा मिळाला. "एक!" म्हणून त्यांनी बोट वर केलं, तर अंधारात ते बोट मला दिसलंच नाही, हेडलँपच्या उजेडात फक्त टोपी हलली.

मी विचारलं, मग तुमच्या बाजूने बोलायला कोणीच नव्हतं? होतं की. अँगलिंग ट्रस्ट आहे २००९ पासून, बास पकडणाऱ्यांची स्वतःची सोसायटी तर १९७३ ची. किनारपट्टीच्या मासेमारीसाठी स्थानिक अधिकार मंडळं आहेत, त्यात काउन्सिलर असतात आणि नेमलेले लोक, त्यात गळवालेही घेतात, "पण तिथे बसलास की तू गळवाल्यांचा प्रतिनिधी नसतोस, फक्त जाणकार असतोस." हा फरक मला आधी शब्दांचा खेळ वाटला. त्यांना तो वाटत नव्हता. सरकारनेच २०१२ साली मोजलं तेव्हा इंग्लंडात समुद्रात गळ टाकणारे ८ लाख ८४ हजार निघाले. एवढी माणसं, म्हटलं, आमच्याकडे एवढ्या मतांवर दोन-चार आमदार पडले असते!

ते हसले. मग थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, रीलचा दोर बोटाने चाचपत बसले. इथे नदीत गळ टाकायला लायसन्स लागतं, समुद्रात लागत नाही. मध्यंतरी, २००९ च्या सागरी कायद्याच्या आधी, समुद्रासाठीही लायसन्स आणावं असा सरकारी प्रस्ताव होता. गळवाले भडकले, समुद्र काय तुमच्या बापाचा. प्रस्ताव बारगळला. "मी पण पत्र लिहिलं होतं विरोधात. चांगलं लांबलचक." आता लायसन्स नाही म्हणून यादी नाही, यादी नाही म्हणून पैसा नाही, आणि बैठकीत ट्रॉलरवाला किलो आणि पौंड सांगतो तेव्हा आपण काय सांगणार, संध्याकाळी बरं वाटतं? मी विचारलं, आज लायसन्स आणलं तर घ्याल? बराच वेळ गेला. "नाही बहुतेक," म्हणाले.

हे उत्तर मला फार आवडलं, का ते माहीत नाही. पोलॅक या दुसऱ्या माशाचा विषय पण निघाला, त्या वर्षी तिथल्या बोटींचा पोलॅकचा कोटा शून्य केला होता आणि गळवाल्यांना कायदा नव्हता, फक्त स्वतःहून कमी ठेवा असं आवाहन. त्यांच्या मते ही गळवाल्यांवरच्या बंधनांची सुरुवात आहे. माझ्या मते त्यांना रोज कोणीतरी ऐकणारा हवा होता आणि मी आयता सापडलो. दोन्ही खरं असेल.

नंतर काही लागलं नाही. निघताना त्यांनी मागे न बघता हात वर केला.

भाऊ तोपर्यंत गाडीत हीटर लावून झोपलेला. रात्री जवळच्याच एका ठिकाणी जेवायला बसलो, त्याने मुद्दाम, मला डिवचायला, होल सी बास मागवला. अख्खा मासा आला, लिंबू, बटर, सगळं. वेट्रेसला विचारलं इथलाच का, तर नाही, ग्रीसचा, फार्मवर वाढवलेला. खिशातून स्टिकर काढलं, ताटाशेजारी धरलं. भाऊ म्हणाला दादा लोक बघतायत. नाकापासून शेपटीपर्यंत, न दाबता, तेहेतीस.