कपाचे कान

आज ऑफिसचा ग्रुप फोटो आला. झूम करून आधी काय बघितलं? स्वतःचे कान! कपाला असतो ना, तसा कान, फक्त दोन्ही बाजूंना. शाळेत 'कपबशी' म्हणायचे, तेव्हापासून केसांनी झाकतेय.

कानाच्या कूर्चेची (म्हणजे आतल्या लवचिक हाडाची) घडी जन्माआधी नीट पडली नाही की कान असे बाहेर येतात, एवढंच. सहाव्या वर्षापर्यंत ते जवळपास पूर्ण वाढतात, चेहरा मागून सावकाश येतो. (माझा अजून येतोय बहुतेक.)

फोटोत वाऱ्याने बट उडालीय आणि ती सावरायला निघालेला माझा हात अर्ध्यातच टिपला गेलाय. शेजारची मात्र कधीपासून विचारतेय, "अगं, माझे डोळे मिटलेत का गं?" माझ्या कानांकडे तिचं लक्षच नाही.

तरी उद्या केस मोकळेच सोडणार आहे मी.