चूक ‘केली’ की ‘बनवली’?

एकदा माफीच्या ईमेलमध्ये मी लिहिलं, ‘आय डिड अ मिस्टेक.’ लगेच क्षमा मिळाली आणि खाली एक ओळही : मिस्टेकला डिड नव्हे, मेड. म्हणजे चूक कबूल करतानाही चूकच. तेव्हापासून ‘डू’ आणि ‘मेक’ या जोडीशी माझं जरा वाकडं आहे.

आपल्याकडे ‘करणे’ एकटं सगळा गाडा ओढतं. अभ्यास करतो, चूक करतो, फोन करतो, प्रेम करतो, कटकट करतो. फ्रेंचमध्ये ‘फेअर’, स्पॅनिशमध्ये ‘आसेर’, तेही असेच एकहाती कारभारी. इंग्रजीत मात्र भावाभावांत वाटणी झाली आणि कुणाच्या वाट्याला काय गेलं याचा कागद कुणी करून ठेवला नाही.

नियम म्हणून एक सांगतात : नुसतं काम असेल तर डू, त्यातून काही निपजत असेल तर मेक. होमवर्क डू, आवाज मेक. चूक निपजते, ती मागे उरते, हे मला अनुभवाने पटलं आहे. पण मग उपकार डू आणि प्रयत्न मेक, हे कसं? उपकार तर करणारा जन्मभर उरवतो, आणि माझ्या बहुतेक प्रयत्नांतून काहीही निपजलेलं नाही. ‘मेक द बेड’ ऐकून पूर्वी मला करवत आणि रंधा आठवायचा. तिथे नुसतं अंथरूण नीटनेटकं करायचं असतं.

मेक म्हणजे ‘बनवणे’ असं पाठ करणाऱ्याचीही फसगत होते. मराठीत ‘त्याने मला बनवलं’ म्हटलं की गंडवलं, एवढाच अर्थ. शिवाय मेकला जबरदस्तीचंही काम असतं. हसणे-हसवणे, रडणे-रडवणे, आपण एक ‘व’ घालून मोकळे होतो. इंग्रजीला त्यासाठी अख्खं मेक लागतं : ‘शी मेड मी क्राय.’ इथे क्रायच्या आधी ‘टू’ नको. पण तेच वाक्य कर्मणी केलं, की ‘आय वॉज मेड टू क्राय’ म्हणत ‘टू’ हजर! रडवलं तिने, रडलो मी; मधल्या मध्ये हा ‘टू’ कुठून उपटला?

तरी मेकचं बरं चाललंय म्हणायचं. खरा राबतो तो डू. ‘व्हॉट डू यू डू?’ या प्रश्नात दोन डू आहेत. दुसऱ्याला ‘करणे’ हा अर्थ आहे; पहिल्याला अर्थच नाही, तो प्रश्नाचं दार उघडून धरायला उभा केलेला. आपण ‘तुम्ही काय करता?’ एवढ्यात भागवतो. नकारातही तोच : ‘आय डू नॉट नो.’ ही वेठबिगारी पहिल्यापासूनची नाही. 1611 सालच्या इंग्रजी बायबलात ‘दे नो नॉट व्हॉट दे डू’ असं वाक्य आहे. आपण काय करतोय ते त्यांना कळत नाही, असा अर्थ. तिथे डू आहे तो खऱ्या करण्याचा. नकाराला नुसता ‘नॉट’ पुरला. आज तेच म्हणायचं तर ‘दे डू नॉट नो व्हॉट दे डू’ होतं, म्हणजे एक डू फुकटचा.

जोर द्यायलाही डूच. आपल्या चिमुकल्या ‘च’चं काम तो करतो : ‘आय डू नो’, माहीत आहेच मला. उत्तरातही तो बदली कामगार. ‘येतोस का?’ला आपण ‘येतो’ म्हणून क्रियापदच परत करतो. इंग्रजीत नाचता का, गाता का, झोपता का, काहीही विचारा, उत्तर ‘येस, आय डू’. आणि ‘दॅट विल डू’ म्हणजे तर चक्क आपलं ‘चालेल’. करण्याचा तिथे मागमूस नाही.

गंमत म्हणजे हे विभक्त भाऊ एका ठिकाणी पुन्हा एकत्र नांदतात : ‘मेक डू’. आहे त्यात भागवणे. त्या ईमेलनंतर मी बरेच दिवस तेच करत होतो. मिस्टेकच्या आधी कुठलंच क्रियापद लावावं लागू नये म्हणून नुसतं लिहायचो, ‘सॉरी, माय मिस्टेक.’