छोट्या मॅकिंटॉशच्या मागावर: माउंटन व्ह्यू ते व्हँकूव्हर

पडदा, संगणक आणि फ्लॉपी ड्राइव्ह एकाच उभट पेटीत बसवलेले, उचलून नेण्यासाठी माथ्यावर खाच ठेवलेले ॲपलचे छोटे मॅकिंटॉश १९८४ ते १९९३ या काळात एकामागून एक बाजारात आले. त्यांतला प्रत्येक प्रकार जमवायचा, तर आधी प्रकार कशाला म्हणायचे हे ठरवावे लागते. १९९२ चा परफॉर्मा २०० म्हणजे निराळी पाटी लावलेला क्लासिक टू. त्याला वेगळा मोजायचा का? संग्राहकांमध्ये यावर एकमत नाही आणि होईलसे वाटतही नाही. मी माझ्यापुरता नियम केला आहे, की समोरच्या पाटीला महत्त्व द्यायचे नाही; मागच्या कवचावरचे लेबल आणि आतला लॉजिक बोर्ड, म्हणजे मुख्य सर्किट बोर्ड, ही दोन्ही मूळची आणि एकमेकांशी जुळणारी असली, तरच तो प्रकार आपल्याकडे आहे असे म्हणायचे.

या नियमाने पाहिले तर माझ्या फळीवर तीन जागा रिकाम्या होत्या: अजिबात फेरफार न झालेला पहिला १२८के (नावातला आकडा स्मृतीच्या किलोबाइटचा), कारखान्यातूनच ५१२केई म्हणून बाहेर पडलेला यंत्रनमुना आणि कलर क्लासिक टू. पहिले दोन कॅलिफोर्नियात मिळण्याची शक्यता अधिक होती. तिसरा अमेरिकेत विकलाच गेला नाही; मात्र कॅनडात तो मिळत असे, आणि व्हँकूव्हरच्या एका बाईंनी आपला विकायची तयारी दाखवली होती. म्हणून माउंटन व्ह्यूपासून व्हँकूव्हरपर्यंत मोटारीनेच जायचे ठरवले. विमानाचा विचार मी केलाच नाही. या यंत्रांमधल्या पिक्चर ट्यूबची मागची मान बोटाएवढी बारीक काचेची असते आणि तिच्या टोकाला एक छोटा सर्किट बोर्ड बसवलेला असतो. पेटीला तिरका धक्का बसला की पहिली तुटते ती ही मान, आणि मग पडद्याला इलाज उरत नाही.

माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये ऑगस्टच्या सुरुवातीला व्हिंटेज कॉम्प्युटर फेस्टिव्हल भरतो. संग्रहालयाची कायमची दालने सुंदर आहेत, पण माझ्यासारख्याची तिथे थोडी अडचण होते, कारण मांडलेल्या यंत्राचा दर्शनी भाग दिसतो आणि आम्हाला हवी असते पाठ. फेस्टिव्हलमध्ये उलट असते. हौशी मंडळी आपापली यंत्रे टेबलांवर मांडून बसलेली असतात, अर्धी उघडलेली असतात, आणि विचारले तर हातात पेचकस देऊन बाजूला सरकतात. विक्रीच्या खोलीत टेबलाखाली ठेवलेला एक पिवळट मॅकिंटॉश मी फिरवून पाहिला, तो लेबलावर एम०००१ई हा क्रमांक होता. समोर लावलेल्या चिठ्ठीवर मात्र नुसते '५१२के, चालू' एवढेच लिहिले होते.

हा शेवटचा 'ई' का महत्त्वाचा, ते सांगायला हवे. ५१२के सप्टेंबर १९८४ मध्ये आला. त्याचा क्रमांक एम०००१डब्ल्यू. त्यात एका बाजूने लिहिणारा ४०० किलोबाइटचा ड्राइव्ह आणि ६४ किलोबाइटचा रॉम, म्हणजे कायमची कोरलेली स्मृती, होता. जानेवारी १९८६ मध्ये मॅकिंटॉश प्लस आला, तो ८०० किलोबाइटचा ड्राइव्ह, १२८ किलोबाइटचा रॉम आणि हार्ड डिस्कसारखी उपकरणे जोडण्याचा स्कझी पोर्ट घेऊन. त्यातला ड्राइव्ह आणि रॉम ५१२के मध्ये बसवून ॲपलने एप्रिल १९८६ मध्ये ५१२केई काढला, आणि हाच ड्राइव्ह व रॉम जुन्या ५१२केच्या मालकांना संच म्हणून वेगळाही विकला. त्यामुळे सुधारलेले ५१२के आणि खरे ५१२केई वापरताना एकसारखेच वाटतात. फरक उरतो तो पाठीवर.

विकणाऱ्या गृहस्थांनी बाहेरच्या कट्ट्यावर नेऊन उघडायला आनंदाने परवानगी दिली. या पिढीच्या पेट्यांना पाच स्क्रू असतात: दोन खाली पोर्टजवळ, एक बॅटरीच्या झाकणामागे आणि दोन माथ्यावरच्या खाचेत, इतके खोल की साधा पेचकस तिथवर पोहोचत नाही. त्यासाठी चांदणीच्या टोकाचा, लांब दांड्याचा टी-१५ टॉर्क्स पेचकस लागतो आणि तो मी कपड्यांच्या आधी बॅगेत टाकतो. स्क्रू काढले, पेटी पडद्यावर पालथी घातली, कवच हळूहळू दोन्ही बाजूंनी सैल करत वर ओढले. ट्यूबच्या अंगावरच्या रबरी टोपीखाली हजारो व्होल्टचा भार साठून राहू शकतो, म्हणून एक हात खिशात ठेवायची सवय मी लावून घेतली आहे. कवच निघाले आणि त्याच्या आतल्या भिंतीवर साच्यातच कोरलेल्या सह्या उन्हात तिरप्या पडल्या. मॅकिंटॉश तयार करणाऱ्या मंडळींनी १० फेब्रुवारी १९८२ रोजी एका कागदावर सह्या केल्या आणि त्या कवचाच्या साच्यात उतरवल्या गेल्या. स्टीव्ह जॉब्झ, बरेल स्मिथ, अँडी हर्ट्झफेल्ड, बिल ॲटकिन्सन, आणि प्रकल्प १९७९ मध्ये सुरू करणारे जेफ रास्किनसुद्धा, जे तोवर त्यातून बाहेर पडले होते. ग्राहकाला कधीच दिसणार नाही अशा जागी सह्या ठेवण्याचा हा हट्ट मला आवडतो. मात्र संग्राहक त्यांच्यावर जेवढे भाळतात तेवढा त्यांचा उपयोग ओळख पटवायला होत नाही, कारण पुढच्या मॉडेलांच्या कवचांतही त्या येतच राहिल्या. बोर्ड मूळचाच होता. सौदा तिथेच झाला.

१२८के शोधणे अधिक किचकट, आणि त्याला ॲपलच कारण आहे. २४ जानेवारी १९८४ रोजी २,४९५ डॉलरला आलेल्या या यंत्राला १२८ किलोबाइट स्मृती पहिल्या वर्षातच अपुरी पडू लागली. बोर्डावरच्या सोळा चिपा काढून त्या जागी चौपट क्षमतेच्या बसवल्या की ५१२ किलोबाइट होत असत, म्हणून कित्येकांनी स्वतःच डाग (सोल्डर) देऊन तसे करून घेतले. नंतर प्लसचा संच आला, ज्यात बोर्ड आणि मागचे कवच दोन्ही बदलून मिळत. अशा यंत्राचा चेहरा १९८४ चा आणि पाठ १९८६ ची असते. म्हणजे ज्यांनी आपले यंत्र जपून, काळाबरोबर ठेवून वापरले, त्यांच्याकडचे १२८के नाहीसे झाले. शाबूत राहिले ते माळ्यावर टाकलेले.

असे एक फ्रीमॉन्टच्या एका निवृत्त अभियंत्याकडे होते. माउंटन व्ह्यूहून २३७ आणि मग ८८० या महामार्गांनी तिथे पोहोचायला फार वेळ लागत नाही. त्यांच्या गॅरेजमधल्या यंत्राच्या पाठीवर नुसते 'मॅकिंटॉश' लिहिलेले होते, पुढे १२८के नव्हते, आणि ते बरोबरच होते, कारण ५१२के येईपर्यंत तसे वेगळे नाव द्यायची गरजच नव्हती. अनुक्रमांकाची सुरुवात एफ४२१ अशी होती: एफ म्हणजे फ्रीमॉन्टचा कारखाना, ४ म्हणजे १९८४ आणि २१ हा आठवडा. आत सोळाही चिपा थेट बोर्डावर डाग दिलेल्या, कुठे सॉकेट नाही, डाग देताना वापरतात त्या फ्लक्सचा ठिपका नाही. "चालत नाही बरं का," असे त्यांनी आधीच सांगितले. चालत नव्हताच. पण वीज आणि पडदा सांभाळणाऱ्या ॲनालॉग बोर्डावरच्या जोडांना नव्याने डाग दिला की हे बहुतेक वेळा मार्गी लागते. शिवाय या पिढीत घड्याळाची बॅटरी मागच्या छोट्या दारामागे, लॉजिक बोर्डापासून दूर असते. नंतरच्या एसई या मॉडेलपासून ती लॉजिक बोर्डावर आली, आणि फुटलेल्या लिथियम बॅटरीने खाऊन टाकलेले एसई/३० आणि क्लासिक टू पाहिले, की जुन्या मांडणीचे मोल कळते.

तिथून वॉर्म स्प्रिंग्ज बुलेव्हारवर जाऊन कारखान्याची जुनी जागाही पाहिली. दर २७ सेकंदांना एक मॅकिंटॉश बाहेर पडतो, असा तेव्हाचा गाजावाजा होता. १९९२ मध्ये ॲपलने तो कारखाना बंद केला. रस्त्यावरून पाहण्यासारखे काहीही नाही. ॲपलची सुरुवात जिथे झाली असे सांगतात, ते लोस अल्टोसचे प्रसिद्ध गॅरेज मी वाट वाकडी करून पाहिले नाही, कारण या यंत्रांशी त्याचा संबंध नाही.

दोन्ही मॅकिंटॉश मागच्या आसनावर, पडदे पाठीच्या गादीकडे करून, पट्ट्यांनी बांधले आणि इंटरस्टेट ५ धरला. व्हँकूव्हर तिथून सुमारे दीड हजार किलोमीटर. सॅक्रॅमेंटोच्या खोऱ्यात ऑगस्टचे ऊन असे असते, की बंद मोटारीत चाळीस वर्षे जुने प्लास्टिक ठेवून जेवायला जाणे मनाला पटत नाही. त्यामुळे प्रत्येक मुक्कामी ती दोन्ही यंत्रे खोलीत नेली, साडेसात-साडेसात किलोंची, एकेका हातात एकेक. माथ्यावरची खाच जेरी मॅनॉक यांच्या रचनेतला किती विचारपूर्वक केलेला भाग आहे, हे जिना चढताना नीट समजते. उत्तरेकडे शास्ताचे शिखर बराच वेळ समोर राहते, मग सिस्कियू घाटमाथा लागतो, जो या महामार्गाचा सर्वांत उंच भाग आहे, सुमारे १,३१० मीटरचा. ऑरेगन झाडीत आणि पावसात गेले.

सिॲटलमध्ये थांबायला पूर्वी एक चांगले निमित्त होते. मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांनी उभारलेल्या लिव्हिंग कॉम्प्युटर्स संग्रहालयात जुनी यंत्रे चालू अवस्थेत ठेवलेली असत आणि पाहुण्यांना ती हाताळता येत. २०२० मध्ये ते बंद झाले आणि २०२४ मध्ये ते पुन्हा उघडणार नाही हे स्पष्ट झाले. संग्रहातल्या काही वस्तू लिलावात गेल्या. यंत्र चालू ठेवण्याचा खर्च ते कपाटात ठेवण्याच्या कित्येक पट असतो, हे मान्य करूनही त्या जागेवरून जाताना वाईट वाटले. कॅनडाच्या सीमेवर, ब्लेनच्या नाक्यावर, यंत्रांची यादी, अनुक्रमांक आणि पावत्या दाखवल्या. अधिकाऱ्याने आत वाकून पाहिले आणि यांना अजून किंमत येते का, एवढेच विचारले.

व्हँकूव्हरच्या बाई शाळेत शिकवत असत आणि घरच्या मुलांसाठी त्यांनी हा संगणक घेतला होता. कलर क्लासिक फेब्रुवारी १९९३ मध्ये आला, दहा इंची ट्रिनिट्रॉन रंगीत पडद्यासह. ऑक्टोबरमध्ये आलेला टू दिसायला तसाच, पण आतून बराच वेगळा. पहिल्याचा ६८०३० प्रोसेसर १६ मेगाहर्ट्झवर आणि अरुंद डेटामार्गावर चालतो, त्याची स्मृती १० मेगाबाइटच्या पुढे नेता येत नाही. टूमध्ये तोच प्रोसेसर ३३ मेगाहर्ट्झवर आणि मर्यादा ३६ मेगाबाइट. तपासणी सोपी असते, कारण या पेटीचा लॉजिक बोर्ड मागून खणासारखा सरकवून काढता येतो. जुने प्लास्टिक बिस्किटासारखे मोडते, तेव्हा चापांवर फक्त अंगठ्याचा हलका दाब द्यायचा. बोर्ड बाहेर आला आणि त्यावर ३० पिनांच्या दोन आखूड खाचांऐवजी ७२ पिनांची एकच लांब खाच होती. प्रोसेसरही ६८०३० होता. तो पाहणे आवश्यक असते, कारण हौशी लोक याच पेटीत ॲपलच्याच एलसी ५७५ या दुसऱ्या मॉडेलचा बोर्ड बसवतात. त्यालाही अशीच एक खाच असते, पण प्रोसेसर ६८एलसी०४० असतो.

एवढ्याने भागत नाही. एलसी ५५० चा बोर्ड सरकवला, तर साधा कलर क्लासिकसुद्धा वेगात आणि स्मृतीत टूसारखाच वागतो, आणि समोरची पाटी तर कोणीही बदलू शकतो. इथे माझा लेबल-आणि-बोर्डचा नियम तोकडा पडतो. बाईंना हे समजावून सांगत असताना त्या उठून आत गेल्या आणि मूळ खोका घेऊन आल्या. खोक्यात हस्तपुस्तिकेत घडी घालून ठेवलेले खरेदीचे बिल होते, त्यावर मॉडेलचे नाव आणि अनुक्रमांक, आणि तोच अनुक्रमांक पेटीच्या पाठीवर. "मी बिले टाकत नाही," एवढेच त्या म्हणाल्या. यंत्राइतकेच ते बिलही आता संग्रहाचा भाग आहे, आणि यापुढे कलर क्लासिक टूबाबत कागदाशिवाय विश्वास ठेवायचा नाही असे मी ठरवले आहे.

याच बोर्डाचा परफॉर्मा २७५ जपानमध्ये निघाला होता. निराळ्या पाटीपुरता तो माझ्या यादीत बसत नाही, तेव्हा त्यासाठी जपानला जाणार नाही. शाळा-महाविद्यालयांसाठी विकलेल्या मॅकिंटॉश ईडीचा प्रश्न तेवढा अवघड आहे. त्याच्या पाठीवरचे लेबल खरोखरच वेगळे आहे, त्यामुळे माझ्याच नियमाने तो मोजावा लागतो, आणि फेस्टिव्हलमध्ये कोणाच्याही टेबलावर तो नव्हता.